पॉइंट काका आणि तीन नंबरचं सील

पॉइंट काकांना काहीही विचारा, उत्तर पॉइंटमध्येच यायचं. गोदामाचं दार किती रुंद, तर चार पॉइंट दोन. चहात साखर किती घालू, तर एक पॉइंट पाच चमचे. एकदा बायको म्हणाली, "अहो, अंग तापलंय का बघा माझं." काकांनी कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "सदतीस पॉइंट आठ." तिने हट्टाने थर्मामीटर लावला. सदतीस पॉइंट आठ. त्या दिवसापासून तिने आकड्यांच्या बाबतीत त्यांच्याशी भांडणं सोडून दिलं. बाकीच्या बाबतीत अर्थातच सोडलं नाही.

काका कागदाच्या गोदामात फिटर होते. शाळेच्या वह्या जिथे बनतात, त्या कारखान्यांना इथून कागद जायचा. माणसापेक्षा उंच रिळं, रिमांचे गठ्ठे, सगळं छतापर्यंत रचलेलं. हे उचलायला तीन फोर्कलिफ्ट होत्या, तिन्ही बॅटरीवर चालणाऱ्या, कारण डिझेलचा धूर पांढऱ्या कागदावर बसला की कागद मेला. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. गोदामातल्या फोर्कलिफ्टचं दुखणंखुपणं एकतीस वर्षं काकाच बघत आले होते. आधीच्या जुन्या तीन मोडीत काढल्या तेव्हाही काका होते, या आल्या तेव्हाही होते. मशीन आलं की पहिल्या दिवशी व्हर्निअर घेऊन ते त्याचा इंच न् इंच मोजायचे आणि मग मापांसाठी कधी कागदाकडे बघायचे नाहीत. "लिहून ठेवा की काका," असं कोणी म्हटलं, तर तर्जनी कानशिलावर टेकवून म्हणायचे, "इथे आहे."

आणि खरंच तिथे असायचं, म्हणून तर लोक गप्प बसायचे. पण ज्याला सगळं पाठ असतं त्याचा एक त्रास असतो, आणि तो त्याला स्वतःला कधी होत नाही, इतरांना होतो. काकांच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं होती. एक, चुकीचं माप सांगणारी. दुसरी, बरोबर माप सांगितल्यावर चुकीचं ऐकणारी. सकाळी रिक्षावाल्यापासून जी चिडचिड सुरू व्हायची ती संध्याकाळी टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या पोरीपर्यंत पुरायची.

तर या तीन नंबरच्या सिलेंडरमधून तेल गळायला लागलं.

फोर्कलिफ्टच्या पुढच्या उंच सांगाड्यात मधोमध एक सिलेंडर उभा असतो. त्यातला चकचकीत रॉड तेलाच्या दाबाने वर सरकतो, तेव्हा टनभर कागद वर जातो. सिलेंडरच्या तोंडाशी, रॉडला घट्ट मिठी मारून, बांगडीएवढी एक रिंग बसलेली असते. तिला सील म्हणतात. तेल आत धरून ठेवायचं, एवढंच तिचं काम. ती थकली की तेल बाहेर येतं, आणि वर उचललेलं ओझं मुंगीच्या पावलाने खाली बसायला लागतं. इथे तर तेलाचा एक थेंब रिमेवर पडला की खालच्या चाळीस कागदांवर पिवळा डाग. वह्यांचा हंगाम तोंडावर आलेला. साहेबांनी तीन नंबर उभी करायला सांगितली, आणि एक आणि दोन नंबरवर तिचाही भार पडला.

सील मागवायचं काम स्टोअरबाईंचं. त्या वर्षभरापूर्वी कंत्राटावर लागल्या होत्या. एका वर्षाचा कागद, तो महिनाअखेर संपायचा, आणि पुढे करायचा की नाही ते साहेबांच्या हातात. नवरा नव्हता, दोन मुली आणि अंथरुणावरची सासू, सगळं या एका कागदावर चाललं होतं. हे गोदामात सगळ्यांना माहीत होतं, काकांनाही.

आता पहिल्या वेळी झालं ते असं. आपल्याकडे कारखान्यात जे जे म्हणून गोल आणि मधे भोक असलेलं, त्याला 'वायसर' म्हणतात. लोखंडाची चकती वायसर, रबराची रिंग वायसर, कुकरच्या झाकणातलं वायसर, आणि सील तेही वायसर. फोर्कलिफ्टच्या ड्रायव्हरने स्टोअरच्या वहीत चिठ्ठी टाकली: 'तीन नंबर लिफ्टचे वायसर, नग ४.' स्टोअरबाईंनी चार दिवसांनी छान पिशवीत बांधून चार लोखंडी चकत्या काकांच्या टेबलावर ठेवल्या.

काकांनी त्यातली एक बोटावर घेतली, फिरवली, आणि अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा बाई. आता हिच्यात तेल कसं धरून ठेवायचं, तेही सांगा. हात जोडून विनंती करू का तेलाला?"

लोक हसले. कंटाळलेल्या माणसांना हसायला निमित्त लागत नाही. संध्याकाळपर्यंत स्टोअरबाईंचं नाव 'वायसरबाई' पडलं. चिठ्ठी ड्रायव्हरने लिहिली होती हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही, खुद्द ड्रायव्हरच्याही नाही, तो तर सगळ्यांत जोरात हसत होता.

मग काकांनी स्वतः स्टोअरच्या खिडकीत जाऊन, एकेक अक्षर सुटं करून, सांगितलं. "रॉड सील. पंचेचाळीस मिलिमीटर. लिहा. चार-पाच. पंचेचाळीस. काय लिहिलंत? दाखवा." बाईंनी दाखवलं. पंचेचाळीस होतं. "आता त्या सीलवाल्याला फोन करून हेच वाचायचं, मनाचं काही घालायचं नाही."

सील आलं. काकांनी सिलेंडरचं तोंड उघडलं, जुनं सील उपसून काढलं, ते नखाने मोडलं इतकं कडक झालेलं, फेकून दिलं. नवं तेलात बुडवून बसवलं. तीन नंबर दिवसभर चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी रॉडवर तेलाची ओली चमक आली, आणि तिसऱ्या दिवशी खाली लावलेल्या डब्यात टप् टप् सुरू झालं.

काका डब्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी व्हर्निअर घेतला आणि पिशवीतलं दुसरं, न वापरलेलं सील आडवं, उभं, तिरकं मोजलं. बरोबर होतं. आता बरोबर असेल तर गळतंय कसं? गळतंय म्हणजे माल हलका. हलका माल कोणी आणला? स्टोअरने. काकांचा हिशोब असा सरळ असायचा.

"बाई, पंचेचाळीस म्हणजे कुठलंही पंचेचाळीस नाही हो," ते खिडकीत जाऊन म्हणाले. "भाजी आणायला गेल्यासारखं समोर दिसेल ते उचलायचं नाही. चांगल्या प्रतीचं मागवा."

बाई म्हणाल्या, "काका, मी त्यांचं सगळ्यात वरच्या प्रतीचंच मागवलं होतं."

"मग आणखी वरचं मागवा."

दुसरा माल यायला आठ दिवस लागणार होते. या आठ दिवसांत काकांच्या डोक्याचा पारा काही उतरला नाही. दोन नंबरचं चाक वाजायला लागलं, तर "ही बघा, हिला दोघींचं करावं लागतंय." लाइट गेली तरी वायसरबाई, चहा थंड आला तरी वायसरबाई. घोडं कुठे पेंड खातंय ते त्यांना पक्कं माहीत झालं होतं.

त्याच आठवड्यात एकदा, काका जेवणाचा डबा उघडून बसले होते तेव्हा, स्टोअरबाई त्यांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात कागदाची एक लांब पट्टी होती.

"काका, तीन नंबरचा रॉड एकदा मोजून बघाल का? मला तो जरा कमी…"

काकांनी घास खाली ठेवला. "रॉड? रॉड मला सांगता तुम्ही? ती मशीन इथे उतरली ना, तेव्हा तुम्ही शाळेत होतात. रॉड पंचेचाळीसचा आहे, तो काल पंचेचाळीस होता, उद्याही पंचेचाळीसच राहणार. तुम्ही स्टोअरमध्ये बसा बाई. उचलली जीभ लावली टाळ्याला."

बाई निघून गेल्या. काकांनी जेवण संपवलं, पण तोंडाची चव गेली होती ती गेलीच. त्याच तिरीमिरीत त्यांनी एक कोरा कागद ओढला (कागदाला काय तोटा, सगळं गोदामच कागदाचं) आणि साहेबांच्या नावे अर्ज लिहिला. 'स्टोअर विभागाच्या निष्काळजीपणामुळे तीन नंबरचे मशीन बारा दिवस बंद असून रोज सहा पॉइंट पाच तासांचे काम खोळंबत आहे. मागवलेला माल दोनदा चुकीचा आला. योग्य ती कारवाई व्हावी.' खाली सही. काकांच्या सहीला गोदामात वजन होतं. ज्या मशीनच्या कार्डावर ती सही असेल तिच्याखालून लोक डोळे झाकून जायचे. साहेबांनी तो अर्ज वरच्या ऑफिसला पाठवून दिला. वरून ते रोजच विचारत होते, मशीन का बंद, जबाबदार कोण. आता उत्तर आयतं मिळालं.

दुसरा माल आला. काकांनी बसवला. दोन दिवस. टप्, टप्.

आता मात्र काकांनी मधली माणसं बाजूला सारली आणि सरळ सीलवाल्याला फोन लावला. सीलवाला हा शहराच्या दुसऱ्या टोकाचा एक म्हातारा दुकानदार, फोनवर कायम तोंडात काहीतरी चघळत बोलणारा.

"तुम्ही माल विकता की चेष्टा करता?" काकांनी सुरुवात केली.

सीलवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रॉड मोजलात का?"

"रॉड पंचेचाळीस आहे."

"मोजलात का, ते विचारतोय."

"अहो, मी एकतीस वर्षं…"

"एकतीस वर्षं राहू द्या हो. आज मोजलात का?"

काकांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. "फोन ठेवू नका," ते म्हणाले. "ठेवलात तर याद राखा. आत्ता मोजतो. तुमच्या कानात मोजतो. ऐका." फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून ते तीन नंबरपाशी गेले, रॉड फडक्याने पुसला, व्हर्निअरचा जबडा त्याला लावला, चष्मा नाकावर खाली ओढला. "ऐकताय ना? हां. हे बघा. चव…"

पुढचं अक्षर आलं नाही.

"हॅलो?" सीलवाला म्हणाला.

काकांनी व्हर्निअर काढला, फुंकर मारली, पुन्हा लावला. मग रॉड अजून वर चढवून तिथे लावला. मग खाली.

"हॅलो? काका? चव काय?"

"रेंज जातेय," काका म्हणाले आणि फोन बंद केला.

चव्वेचाळीस पॉइंट चार पाच. वर, खाली, मधे, सगळीकडे. हा आकडा काकांना चांगला ओळखीचा होता, कारण तो मिलिमीटरमध्ये राहणारा आकडाच नव्हे. तो पावणेदोन इंच आहे.

आणि पावणेदोन म्हटल्याबरोबर सगळं आठवलं. नऊ वर्षांपूर्वी तीन नंबरने खांबाला धडक दिली होती, रॉड वाकला होता. काकांनी तो काढून जवळच्या टर्नरकडे नेला होता. टर्नर त्यांचा जुना दोस्त. पंचेचाळीसचा पोलादी बार बाजारात नव्हता, आठवडा लागला असता. टर्नरकडे पावणेदोन इंची पडला होता. त्याने त्यातूनच रॉड करून दिला, त्याच मापाचं सीलही दिलं, आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, "इंचातला टाकलाय हां. लिहून ठेव कुठेतरी, नाहीतर पुढे गोंधळ होईल." काकांनी तर्जनी कानशिलावर टेकवून म्हटलं होतं, "इथे आहे."

काकांनी आता स्वतःसाठी एखादी सबब शोधून पाहिली. त्या दिवशी काही घाई होती का? घरात कोणी आजारी? मुलीचं लग्न? नाही, लग्न त्याच्या दोन वर्षांनी. काहीच नव्हतं. उलट टर्नरच्या दुकानात बसून त्यांनी निवांत दोन चहा घेतले होते. मग मशीन जोडलं, ते चाललं, उत्तम चाललं, नऊ वर्षं एक थेंब सांडला नाही, आणि जे कुरकुर करत नाही ते काकांच्या डोक्यातून हळूच निघून गेलं होतं. पंचेचाळीस मात्र पहिल्या दिवसापासून मुक्कामाला होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. फक्त या वळशात काकांनी एका बाईला तीन आठवडे फरफटवलं होतं. आणि ती पट्टी घेऊन आली होती, रॉड कमी वाटतोय म्हणून सांगायला. ते वाक्य तिला पुरं करू दिलं नव्हतं.

संध्याकाळी घरी बायकोने ताट वाढायला घेतलं. "किती वाढू?"

"वाढ कितीही."

तिच्या हातातली पळी थांबली. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती आणि 'कितीही' हा शब्द तिने या तोंडून ऐकलेला नव्हता. ती समोर बसली. "काय झालं?"

काकांनी सांगितलं. सांगतानासुद्धा आधी टर्नरवर चिडले, मग सीलवाल्यावर, मग 'वायसर' या शब्दावर, मग बाजारात तेव्हा पंचेचाळीसचा बार ठेवला नव्हता त्या कोणा माणसावर. सगळे संपले आणि चिडायला कोणी उरलं नाही तेव्हा बायको म्हणाली, "त्या बाईंना सांगितलंत?"

"नाही अजून."

"आणि तो अर्ज?"

"वर गेलाय."

"साहेबांना?"

"उद्या सांगतो."

"तुमचा उद्या किती पॉइंट किती तासांनी येतो तेवढं सांगा. महिना शुक्रवारी संपतो."

"अगं, पण एकतीस वर्षांत माझ्याकडून कधी…" काका थांबले. "लोक काय म्हणतील?"

"लोक तिला काय म्हणतात सध्या?"

बायको उठली. "पडलो तरी नाक वर," ती ओट्याकडे जाता जाता म्हणाली. "तिच्या घरी काय वाढत असतील आज, तेही विचारा एकदा. 'कितीही' नसतील वाढत."

दुसऱ्या दिवशी काका साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब तसे भले होते, म्हणजे कोणाशी वाईट वागायची वेळ येऊ नये अशी त्यांची मनापासून इच्छा असायची. काकांचं बोलणं त्यांनी ऐकलं, उठून दार लोटलं आणि परत बसले.

"रॉड झिजला असेल, काका."

"झिजला नाही साहेब. बदलला. मीच बदलला."

"हो, पण तसं लिहायची काय गरज? नऊ वर्षं चाललेलं मशीन आहे. 'रॉड झिजल्यामुळे माप कमी झाले.' एका ओळीत प्रश्न मिटला. तुमची दोन वर्षं राहिलीत, तुमची फाइल कोरी आहे, ती कोरीच राहू द्या."

"आणि बाईंचं?"

साहेब टेबलावरचा कोरा कागद सरळ करायला लागले. तो आधीच सरळ होता. "वरच्यांना एक नाव हवंय. चुकीचा माल तर आलाच ना तीनदा? तुमचा अर्ज आहे तिथे. मशीन झिजलं म्हटलं तरी मागवण्याआधी खात्री करून घेणं हे स्टोअरचं काम. आता मी काय सांगू त्यांना, की कोणाचंच चुकलं नाही?"

म्हणजे झिजला लिहिलं तर काका सुटणार आणि बाई जाणार. काकांना एक क्षण, अगदी खरं सांगायचं तर एक क्षणाहून जास्त, ती ओळ फार सोयीची वाटली. त्यांनी ती मनात लिहूनही पाहिली. रॉड झिजल्यामुळे. आणि तिथेच त्यांचं घोडं अडलं. त्यांचा चांगुलपणा वगैरे आडवा आला असं म्हणणं फार होईल. आडवा आला तो त्यांचा जन्माचा स्वभाव.

"साहेब, क्रोमचा रॉड अर्धा मिलिमीटर झिजत नाही," ते म्हणाले. आवाज चढायला लागला होता. "आधी सील जातं, मग गाइड जातं, मग सिलेंडर जातो, मग तुम्ही-आम्ही जातो, रॉड तिथेच असतो. पॉइंट पाच पाच झिजला असं लिहून त्याखाली मी सही करायची? उद्या कोणी वाचलं तर थुंकेल माझ्या तोंडावर. आणि समान झिजला? वरपासून खालपर्यंत? कोण झिजवत होतं त्याला, रंधा?"

"काका, हळू."

"द्या तो कागद."

साहेबांनी कागद दिला नाही, काकांनी ओढून घेतला. उभ्या उभ्या लिहिलं. 'तीन नंबरच्या सिलेंडरचा रॉड नऊ वर्षांपूर्वी मी बदलला. नवे माप ४४.४५. त्याची नोंद मी ठेवली नाही. पहिली चिठ्ठी ड्रायव्हरने 'वायसर' अशी लिहिली होती, म्हणून चकत्या आल्या. पुढचे माप मी सांगितले, तेच स्टोअरने मागवले. चूक माझी आहे. माझा आधीचा अर्ज खोटा ठरतो, तो रद्द करावा.' सही केली. 'खोटा' हा शब्द लिहिताना पेन जरा अडखळलं, पण दुसरा शब्द काकांना सापडला नाही.

साहेबांनी दोनदा वाचलं. "तुम्हाला मेमो येईल याच्यावर."

"येऊ द्या."

"आणि हे सगळीकडे होणार हां. वरचे लोक कॉपी काढून सगळ्यांना पाठवतात."

"काढा कॉप्या. कागद काय कमी आहे का आपल्याकडे?"

साहेबांनी तो कागद त्यांच्यासमोरच वर पाठवला आणि ड्रॉवरमधून बाईंचा पुढच्या वर्षाचा कागद काढून त्यावर सही केली. इतका वेळ लागला. तीन आठवडे लोंबकळलेली गोष्ट दीड मिनिटात झाली आणि काकांना तिचाही राग आला.

तिथून ते स्टोअरमध्ये गेले. बाई खाली बसून एका खोक्यावर चिठ्ठी चिकटवत होत्या. काकांनी खिडकीतून नाही, दारातून आत जाऊन सांगितलं. रॉडचं सांगितलं, टर्नरचं सांगितलं, अर्जाचं सांगितलं, आणि त्यांचा कागद पुढे झाला हेही सांगितलं. काकांना आयुष्यात माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे ती सगळ्यात शेवटी आणि घाईघाईत, जिन्यावरून उतरताना पाय घसरावा तशी आली. "मी चुकलो बाई. तुम्हाला वाटेल ते बोललो."

बाई म्हणाल्या, "बरं." आणि चिठ्ठीचा कोपरा अंगठ्याने दाबत राहिल्या.

काकांना वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर भांडतील. दोन्हीची त्यांनी तयारी केली होती. नुसत्या 'बरं'ची नव्हती. मग जुना स्वभाव उसळलाच.

"पण मी म्हणतो, तुमच्या लक्षात आलं होतं ना रॉडचं? मी ऐकलं नाही, कबूल. मी माझ्या तोऱ्यात होतो. पण मग सरळ साहेबांकडे जायचं ना. नोकरीचा प्रश्न होता तुमच्या. गप्प कशाला बसलात?"

बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "गप्प कुठे बसले? गेले होते की मी."

"कधी?"

"तुम्ही हाकललंत त्याच दुपारी. पट्टी घेऊनच गेले होते. रॉडला गुंडाळून मोजली होती, एकशे साडेएकोणचाळीस भरली. मोठीच्या गणिताच्या पुस्तकात सूत्र आहे, त्याने भागलं तर चव्वेचाळीस पॉइंट चार आलं. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, काका काय म्हणतात? मी म्हटलं, काका म्हणतात पंचेचाळीस." बाईंनी खोकं उचलून बाजूला ठेवलं. "ते म्हणाले, मग पंचेचाळीस."

काका तिथल्या स्टुलावर बसले. एकतीस वर्षं त्यांनी याच्यासाठी तर जिवाचा आटापिटा केला होता, की आपण एकदा आकडा सांगावा आणि पुन्हा कोणी विचारू नये. कोणी विचारलं नव्हतं. एक बाई बरोबर माप हातात घेऊन दोन दारं फिरली होती आणि दोन्ही दारांत त्यांचंच नाव आडवं पडलं होतं.

"सीलवाला एकपर्यंतच ऑर्डर घेतो," बाई म्हणाल्या. त्यांनी वही उघडली, पेन्सिल घेतली. "सांगा माप."

चव्वेचाळीस पॉइंट चार पाच काकांच्या जिभेच्या टोकावर होतं. त्यांनी ते गिळलं आणि खिशातला व्हर्निअर काढून बाईंच्या वहीवर ठेवला.

"चला," ते म्हणाले. "तुम्ही मोजा. मी लिहितो."